लेझरने तापवलेला दाट प्लाझ्मा आणि एक्स-रे स्पेक्ट्रोस्कोपी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातले, मित्रमंडळी, जुन्या कॉलेजातली पोरं, सगळे आलटून पालटून तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवेन. वरपासून खालपर्यंत वाचायलाच हवं असं काही नाही, पण घनतेचा प्रश्न आणि त्याच्या पुढचा भांडणाचा, हे दोन सोडू नका, खरी मजा तिथे आहे.

तुम्ही नेमकं करता काय?

एका वाक्यात सांगायचं तर ॲल्युमिनियमचा अगदी पातळ ठिपका घ्यायचा, त्यावर प्रचंड ताकदीचा लेझर मारायचा, तो ठिपका काही पिकोसेकंदांसाठी पन्नास-साठ लाख डिग्रीला जातो आणि त्या तेवढ्या वेळात जे एक्स-रे बाहेर येतात ते पकडून, त्यांचे "रंग" वेगळे करून, आत काय परिस्थिती होती ते ओळखायचं. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या हिश्शाइतका वेळ, एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ०.३ मिलिमीटर जातो.

प्लाझ्मा म्हणजे ट्यूबलाईटमध्ये असतो तोच ना?

जात तीच. पण ट्यूबलाईटमधला प्लाझ्मा म्हणजे दुपारी दोनची रिकामी एसटी आणि आमचा म्हणजे सकाळी साडेआठची विरार लोकल. ट्यूबमध्ये वायू इतका विरळ असतो की अणूंना एकमेकांचा पत्ताच नसतो. आमच्या ठिपक्यात घनता घन धातूइतकी, कधी त्याच्या तीन-चार पट, आणि तरीही तो घन नाही, द्रव नाही, १३ पैकी ११ इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंची नुसती रेटारेटी. ताऱ्यांच्या पोटात पदार्थ अशाच अवस्थेत असतो.

साठ लाख डिग्री? मग थर्मामीटर वितळत नाही का?

हा माझ्या आत्याचा प्रश्न, आणि खरं सांगतो, सेमिनारमध्ये मला आजवर विचारलेल्या बऱ्याच प्रश्नांपेक्षा चांगला प्रश्न. तिला मी म्हटलं, "आत्या, थर्मामीटर नाहीच लावत, त्याचा उजेड बघून ओळखतो, लोहार नाही का लोखंडाचा रंग बघून ओळखत तसं." तिचं पुढचं वाक्य : "म्हणजे अंदाजच की रे."

बरोबर आहे तिचं. तापमान आम्ही *मोजत* नाही, *काढतो*. मोजतो फक्त वर्णपट (कुठल्या ऊर्जेचा उजेड किती आला त्याचा आलेख), आणि त्याचा अर्थ लावायला सिद्धांत लागतो, आणि वैताग हा की पुष्कळदा तोच सिद्धांत बरोबर आहे का हे तपासायलाच प्रयोग केलेला असतो. आमच्या धंद्यातलं मूळ दुखणं हे आहे, खाली ते पुन्हा पुन्हा येईल.

आता एक्स-रेच का, तर तापलेली वस्तू कुठल्या रंगात जास्त चमकते ते तापमानावर ठरतं. आम्ही लोक तापमानही इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये बोलतो, १ इव्ही म्हणजे साधारण ११,६०० केल्विन. ५०० इव्ही म्हणजे ५८ लाख केल्विन. एवढ्या तापलेल्या वस्तूची चमक १,४०० इव्हीच्या आसपास सर्वात जास्त असते आणि तो एक्स-रेचा प्रांत आहे. डोळ्याला दिसणारा प्रकाश २-३ इव्हीचा, तो आतून बाहेर येतच नाही, दाट प्लाझ्मा त्याला सोडत नाही.

ॲल्युमिनियमच का? सोनं-बिनं का नाही?

ॲल्युमिनियममध्ये एकूण १३ इलेक्ट्रॉन. पाच-सातशे इव्हीला त्यातले ११-१२ उडालेले असतात आणि एक किंवा दोनच उरतात. एक उरला तर तो अणू हायड्रोजनसारखा वागतो, दोन उरले तर हेलियमसारखा, आणि या दोघांचं गणित आपल्याला नीट येतं. सोन्यात कितीतरी इलेक्ट्रॉन मागे राहतात, त्यांच्या हजारो रेषा (रेषा म्हणजे ठराविक ऊर्जेचा एक्स-रे, इलेक्ट्रॉन वरच्या कक्षेतून खाली उतरताना निघणारा) एकमेकीत मिसळून नुसता गोधडीसारखा वर्णपट येतो, तो उलगडण्यात लोकांची करिअर गेली आहेत.

आणखी एक सोय. थंड ॲल्युमिनियमची के-अल्फा रेषा १,४८७ इव्हीला असते (अल्फा म्हणजे दुसऱ्या कक्षेतून पहिलीत उतरणं, बीटा तिसऱ्या, गॅमा चौथ्या, डेल्टा पाचव्या कक्षेतून). जसजसे इलेक्ट्रॉन निघत जातात तसतशी ती वर सरकत जाते आणि दोनच उरले की १,५९८ इव्हीला हेलियम-अल्फा दिसते, एकच उरला की १,७२९ ला लायमन-अल्फा. म्हणजे रेषा कुठे आहे यावरूनच अणू किती सोलला गेलाय ते कळतं. मूलद्रव्यानुसार एक्स-रे रेषा शिस्तीत सरकतात हे हेन्री मोझलीने १९१३ मध्ये दाखवलं होतं. दोन वर्षांनी गॅलिपोलीच्या लढाईत तो गेला, वय २७. हे लिहिताना दर वेळी वाईट वाटतं.

लेझर किती मोठा लागतो?

मी इथे ओरायन लेझर डोळ्यासमोर ठेवून बोलतोय, इंग्लंडमध्ये ऑल्डरमास्टनला आहे. त्याचे दहा बीम नॅनोसेकंदवाले आणि दोन बीम अतिशय छोट्या स्पंदाचे (स्पंद म्हणजे पल्स, उजेडाचा एक झटका), प्रत्येकी ५०० जूल अर्ध्या पिकोसेकंदात. भागाकार करा, एक पेटावॉट येतो. ऐकून छाती दडपते, पण ५०० जूल म्हणजे एक किलोची पिशवी पन्नास मीटरवरून पडली तर जेवढी ऊर्जा तेवढीच. तुमच्या वीजबिलातल्या एका युनिटमध्ये असे ७,२०० शॉट बसतील (बीममधली ऊर्जा धरून बरं का, लेझर चालवायला लागणारी वीज वेगळी, तो हिशेब नकोच). सगळी करामत वेळ आक्रसण्यात आहे. त्यासाठी स्पंद आधी ताणायचा, मग वाढवायचा आणि शेवटी पुन्हा दाबायचा, ही युक्ती डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार्ड मूरू यांनी १९८५ मध्ये काढली आणि २०१८ ला त्यांना नोबेल मिळालं.

मग लेझर थेट ठिपक्यावर मारून मोकळे का होत नाही?

कारण लेझर आत शिरतच नाही. प्लाझ्मातल्या इलेक्ट्रॉनची घनता ठराविक हद्दीपलीकडे गेली की प्रकाश परत फिरतो. एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा हिस्सा) तरंगलांबीच्या लेझरसाठी ही हद्द एका घन सेंटीमीटरमध्ये १० चा २१ वा घात, त्याहून किंचित जास्त. घन ॲल्युमिनियमचे ११ इलेक्ट्रॉन सुटले तर घनता त्याच्या सहाशे पट होते. म्हणजे लेझर दारातच थांबतो, आणि आत जाऊन तापवायचं काम करतात दाराशी तयार झालेले वेगवान इलेक्ट्रॉन.

दुसरी अडचण पसरण्याची. ५०० इव्हीला तापलेलं ॲल्युमिनियम सेकंदाला साधारण १४० किलोमीटर वेगाने फुगायला लागतं. पिकोसेकंदात ०.१४ मायक्रॉन. आमचा थरच मुळी ०.१-०.२ मायक्रॉनचा! उघडा ठेवला तर मोजायला सुरुवात करेपर्यंत दाटपणा संपलेला. म्हणून तो प्लास्टिकच्या किंवा हिऱ्याच्या काही मायक्रॉन जाड थरांमध्ये पुरतात, पुरणपोळीसारखं, आणि आजूबाजूचं वजन त्याला थोडा वेळ दाबून धरतं. आणखी दाट हवा असेल तर आधी नॅनोसेकंदवाल्या बीमने शॉक पाठवून थर दाबायचा आणि बरोब्बर त्या क्षणी छोटा स्पंद मारायचा.

तिसरी, मुख्य स्पंदाच्या आधी थोडासा लेझर गळत येतो आणि टार्गेटचा पृष्ठभाग आधीच उधळून टाकतो. यावर उपाय म्हणजे लेझरची वारंवारता दुप्पट करून तो हिरवा करायचा. दुप्पट होण्याची क्रिया ताकदीवर अवलंबून असल्याने कमजोर गळती मागेच राहते. थोडी ऊर्जा वाया जाते पण स्पंद स्वच्छ मिळतो.

टार्गेट बघायला मिळालं तर निराश व्हाल हे सांगून ठेवतो. केसाच्या जाडीएवढा रुंद ठिपका, पातळ दांडीच्या टोकाला मायक्रोस्कोपखाली डिंकाने चिकटवलेला. शेजारी कुणी शिंकलं तरी तोंडातून शिवी निघते.

स्पेक्ट्रोमीटरमध्ये आत काय असतं?

फारसं काही नसतं. एक डबा, शिशाचं किंवा टंगस्टनचं थोडं आच्छादन, पुढे एक फिल्टर, मध्ये वाकवलेला किंवा सपाट क्रिस्टल आणि मागे डिटेक्टर. काच-प्रिझम एक्स-रेला चालत नाही. क्रिस्टलमधले अणूंचे थर जाळीसारखे वापरायचे, प्रत्येक तरंगलांबी आपापल्या ठराविक कोनातच परावर्तित होते, हा ब्रॅग बापलेकांचा १९१२-१३ चा नियम.

प्रत्यक्ष आकडे घ्या. ॲल्युमिनियमसाठी आम्ही बहुतेक वेळा पीईटी क्रिस्टल वापरतो, बाटलीवाला पीईटी नव्हे, हे पेंटाएरिथ्रिटॉल नावाचं सेंद्रिय स्फटिक. त्याच्या थरांमधल्या अंतराची दुप्पट ८.७४ ॲंगस्ट्रॉम. हेलियम-अल्फाची तरंगलांबी ७.७६, भागिले ८.७४ म्हणजे ०.८९, कोन झाला साडेबासष्ट अंश. लायमन-बीटा ६.०५ ची, तिचा कोन ४४ च्या जरा आत. म्हणजे एकाच क्रिस्टलवर वीसेक अंशांत आमचं अख्खं गाव मावतं. पीईटी मऊ असतं, उष्णता आणि ओलावा सोसत नाही, प्रत्येक शॉटनंतर टार्गेटचा भुगा त्यावर बसतो आणि हळूहळू ते आंधळं होत जातं.

फिल्टर लागतो तो बाकीचा उजेड अडवायला, बेरिलियमचा किंवा ॲल्युमिनियम चढवलेल्या प्लास्टिकचा. त्याला सुईच्या टोकाएवढं भोक जरी असलं तरी दिवस गेला समजा.

आणि डिटेक्टर? फोटो फिल्म वापरता का अजून?

फिल्म बऱ्यापैकी गेली. आता इमेज प्लेट, दवाखान्यात डिजिटल एक्स-रेला वापरायचे तीच, किंवा एक्स-रे सीसीडी. इमेज प्लेट एक्स-रेची ऊर्जा साठवून ठेवते आणि नंतर लाल लेझरने स्कॅन केली की निळा उजेड देते. तिचा एकच मोठा दोष, साधा उजेड पडला की साठवलेलं सगळं पुसलं जातं.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. माझी पहिली स्वतःची शॉटची पाळी, टार्गेट फक्त तीन. पहिला शॉट झक्कास गेला, अंधाऱ्या खोलीत प्लेट कॅसेटमधून काढली आणि नेमका तेव्हाच खिशातला फोन वाजला, मी मूर्खासारखा तो बाहेर काढून बघितला. स्क्रीन जेमतेम दोन सेकंद लागली असेल. स्कॅनमध्ये हेलियम-अल्फा दिसतेय, लायमन-अल्फा दिसतेय आणि लायमन-बीटाच्या जागी अंगठ्याएवढा पुसट डाग. घरून फोन होता, गॅस सिलिंडर आला का विचारायला. तेव्हापासून फोन खोलीबाहेर खुंटीला टांगतो.

प्लेटवर सगळ्या वेळेची बेरीज येते, तापताना, तापलेलं असताना, थंड होताना, सगळं एकावर एक. *कधी* काय झालं हे बघायला स्ट्रीक कॅमेरा लागतो. त्यात एक्स-रे आधी फोटोकॅथोडवर पडून इलेक्ट्रॉन काढतात, ते इलेक्ट्रॉन वेगाने बदलणाऱ्या व्होल्टेजमधून जातात, त्यामुळे आधी आलेले एका टोकाला आणि उशिरा आलेले दुसऱ्या टोकाला पडतात. पिकोसेकंद-दोन पिकोसेकंदांपर्यंतचा भेद दिसतो.

वर्णपटावरून तापमान कसं काढता?

दोन रेषांची तुलना करून. लायमन-बीटा येते एक इलेक्ट्रॉनवाल्या अणूपासून, हेलियम-बीटा दोनवाल्यापासून. जितकं जास्त तापमान तितके एकवाले जास्त, म्हणून पहिली रेषा दुसरीच्या मानाने चढत जाते. शिवाय मोठ्या रेषांच्या कमी ऊर्जेच्या बाजूला बारीक सॅटेलाइट रेषा असतात, त्याही तापमानाची खबर देतात.

सगळ्यात तेजस्वी रेषा सोडून बीटा का, हा प्रश्न नवीन पोरं हमखास विचारतात. अल्फा रेषा इतकी जोरदार असते की प्लाझ्मा स्वतःच ती गिळतो, आतला फोटॉन बाहेर येईपर्यंत दहा वेळा शोषला जातो. दिसतं ते फक्त बाहेरच्या सालीचं. बीटा कमजोर असते म्हणूनच थेट आतून येते.

आणि घनता?

इथे मला जरा हात सैल सोडून लिहू द्या. दाट प्लाझ्मात प्रत्येक अणूभोवती इतर आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) आणि इलेक्ट्रॉन इतके जवळ असतात की त्यांचं विद्युत क्षेत्र अणूच्या पातळ्या हलवतं, चिरतं. प्रत्येक अणूचा शेजार वेगळा, म्हणून प्रत्येकाची रेषा थोडी वेगळ्या जागी, आणि सगळ्यांची बेरीज म्हणजे एक जाडजूड पसरलेली रेषा. याला स्टार्क रुंदावणं म्हणतात. रेषा जितकी रुंद तितकी गर्दी जास्त. पडद्यावर हे चांगलं कळतं : विरळ प्लाझ्मात हेलियम-बीटा सुईसारखी उभी असते, दाटीत ती बसक्या टेकडीसारखी होते आणि मध्येच एक खळगा पडतो.

गर्दी आणखी वाढली की वरच्या रेषा एकमेकीत मिसळायला लागतात आणि मग नाहीशाच होतात. ॲल्युमिनियममध्ये आधी डेल्टा, मग गॅमा जाते, शेवटी बीटासुद्धा. चाळीचं उदाहरण घ्या. खोल्या लांब लांब असतील तर प्रत्येकाची स्वतःची गॅलरी असते. चाळी चिकटवत गेलात की गॅलऱ्या एकमेकींना लागतात आणि एका घराची कपडे वाळत घालायची दोरी कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. अणूच्या बाहेरच्या कक्षांचं तेच होतं, तिथला इलेक्ट्रॉन कुणा एकाचा राहत नाही. थोडक्यात, इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी ऊर्जा गर्दीत कमी होते.

ती किती कमी होते? यावरच भांडण आहे ना?

हो, आणि भांडण झकास आहे. दोन जुनी सूत्रं. एक १९६३ चं एकर आणि क्रोल यांचं, दुसरं १९६६ चं स्टुअर्ट आणि पायट यांचं. दाट प्लाझ्मात दोघांची उत्तरं चांगलीच वेगळी येतात, एकर-क्रोल जास्त घट सांगतं. चाळीसेक वर्षं प्लाझ्माचं गणित करणाऱ्या बहुतेक सगळ्या संगणक-कोडमध्ये स्टुअर्ट-पायट मुकाट बसलेलं होतं, कारण नीट तपासणार कसं?

२०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एलसीएलएस या एक्स-रे लेझरवर प्रयोग झाला. एक मायक्रॉनचा ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर शंभर फेम्टोसेकंदांहून (फेम्टो म्हणजे पिकोचा हजारावा हिस्सा) छोटा एक्स-रे स्पंद. एवढ्या वेळात पत्रा फुगूच शकत नाही, म्हणून घनता मोजायची गरजच नाही, ती घन धातूचीच! हे मला फार आवडतं. मग लेझरची ऊर्जा थोडी थोडी वाढवत कुठल्या आयनची रेषा कधी पेटते ते बघितलं. निकाल एकर-क्रोलच्या सुधारलेल्या रूपाकडे झुकला. स्टुअर्ट-पायटवाले गप्प.

लगेच २०१३ मध्ये ओरायनवरचा निकाल आला, पुरलेला थर, ५०० ते ७०० इव्ही, घनता घन सेंटीमीटरला १ पासून १० ग्रॅमपर्यंत (साधं ॲल्युमिनियम २.७). बीटा रेषा कुठल्या घनतेला नाहीशी होते ते बघितलं तर ती एकर-क्रोल सांगतं त्याच्या बरीच पुढपर्यंत टिकून होती. हे जवळ पडलं स्टुअर्ट-पायटच्या. झालं ना मग!

माझं मत विचाराल तर दोघंही बरोबर मोजत होते आणि प्रश्नच एक नव्हता. एलसीएलएसचं तापमान २०० इव्हीच्या आत, आयन मधल्या अवस्थेतले, आणि तिथे इलेक्ट्रॉन तापलेले पण आयन अजून थंडच. ओरायनवर सगळंच तापलेलं. दोन सोप्या सूत्रांपैकी एक सगळीकडे लागू पडेल अशी अपेक्षाच जरा भाबडी होती. पण एक फरक लक्षात घ्या : पहिल्या प्रयोगात घनता आपोआप माहीत होती, दुसऱ्यात ती रेषेच्या रुंदीवरून काढली, म्हणजे पुन्हा सिद्धांतातून. आत्या जिंकली.

याचा सूर्याशी काय संबंध?

बराच. सूर्याच्या आतून ऊर्जा बाहेर येताना लोखंडासारखे जड अणू तिला किती अडवतात यावर सूर्याची अख्खी रचना ठरते. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या झेड मशीनवर (लेझर नाही, विजेचा प्रचंड झोत) सुमारे २० लाख केल्विनच्या लोखंडाची अपारदर्शकता मोजली, सूर्याच्या संवहन थराच्या तळाशी साधारण तेवढंच तापमान असतं. ती हिशेबापेक्षा ३० ते ४०० टक्के जास्त निघाली, तरंगलांबीनुसार. मोजणी चुकली की सिद्धांत, यावर अजून एकमत नाही, म्हणून तीच मोजणी आता लेझरवर करून बघतायत.

हे बॉम्बचं काम आहे का?

काही अंशी हो, लपवण्यात अर्थ नाही. ओरायन ज्या संस्थेचा आहे ती ब्रिटनची अण्वस्त्रं सांभाळते. स्फोट करून चाचण्या बंद झाल्यावर कोड तपासायला असल्या प्रयोगशाळा लागतात. तिथला काही वेळ विद्यापीठांना मिळतो, वरचा रेषांचा वाद मात्र सगळा छापील आणि उघडा आहे.

फ्युजनमध्ये उपयोग होतो?

होतो. लेझर-फ्युजनमध्ये इंधनाची बारीक गोळी दाबून तापवतात, त्या इंधनात चिमूटभर आर्गॉन मिसळतात आणि त्याच्या रेषांवरून आतलं तापमान-घनता काढतात. ५ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत २.०५ मेगाजूल लेझर घालून ३.१५ मेगाजूल बाहेर आले ते सगळ्यांना माहीत आहेच.

भारतात, महाराष्ट्रात होतं का असलं काही?

मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये शंभर टेरावॉटचा लेझर आहे आणि घन टार्गेटवरच्या दाट प्लाझ्मावर तिथे दणकून काम झालंय. ट्रॉम्बेच्या बीएआरसीत निओडिमियम-काच लेझरने प्लाझ्मा करून त्याचे एक्स-रे मोजण्याची जुनी परंपरा आहे, इंदूरच्या आरआरकॅटमध्येही. आणि किती अणूंचे किती इलेक्ट्रॉन सुटतील याचं मूळ समीकरण तर मेघनाद साहांचं, १९२० चं. इलेक्ट्रॉन सोडवायच्या ऊर्जेतली वर सांगितलेली घट आजही आम्ही लावतो ती त्याच समीकरणात.

शिकायचंय, घरबसल्या काही करता येईल?

फ्लायचेक नावाचा कोड आहे, नोंदणी केली की वेबवर फुकट चालवता येतो. मूलद्रव्य १३, तापमान ५०० इव्ही ठेवा, इलेक्ट्रॉन घनता १० चा २२ वा घात देऊन चालवा आणि वर्णपट बघा. मग २३ वा, मग त्याच्या सहा-सात पट. वरच्या रेषा एकेक करून बुडताना दिसतील. हात बसला की मग तपासा, ती घट काढायला आत कुठलं सूत्र बसवलंय. स्टुअर्ट-पायट.